समुद्रतळाचे दप्तर

खानदेशातील कोणत्याही गावातून समुद्र दिसत नाही. जळगाव-धुळ्याच्या माणसाला खाऱ्या पाण्यात पाय बुडवावयाचे असतील, तर सातपुडा उजव्या हाताला ठेवून सुरतेकडे उतरावे लागते, नाही तर कसारा घाट ओलांडून मुंबई गाठावी लागते. तेव्हा आमच्या वसंत व्याख्यानमालेत समुद्राच्या तळाच्या नकाशाची चर्चा कशासाठी, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असल्यास ती रास्तच म्हटली पाहिजे. तिचे उत्तर असे की, समुद्र खानदेशात येत नसला तरी खानदेश मात्र दर पावसाळ्यात समुद्रात जात असतो.

मुलताईपाशी उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून डुमसजवळ अरबी समुद्रास मिळते. वाटेत चांगदेवाला पूर्णा येते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा अशा एकेका नदीचे पाणी ती पोटात घेते. या पाण्याबरोबर आमच्या शेतांची काळी माती जाते. उन्हाळ्यात जमिनीला हातभर भेगा पाडणारी आणि पहिल्या पावसात फुगून त्या भेगा बुजविणारी जी चिकणमाती आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, तीच खंबायतच्या आखातात आणि त्याच्या दक्षिणेस समुद्रबूड जमिनीवर पसरलेली शास्त्रज्ञांना आढळली आहे. नर्मदा आणि तापी यांनी सह्याद्री-सातपुड्याच्या काळ्या पाषाणाची झीज तेथे नेऊन टाकली. म्हणजे समुद्रतळाचा नकाशा काढावयाचा झाला, तर त्यातील एक मोठा पट्टा आमच्या मातीच्या रंगाने रंगवावा लागेल. या पट्ट्यावर कोण राहते, त्याच्या पलीकडे कोण राहते आणि त्यांचे रक्षण कोणी करावयाचे, हा आजचा विषय होय.

प्रथम थोडा इतिहास पाहू. आमच्याकडे विहिरीची खोली परसात मोजीत. उभ्या माणसाने हात वर केले म्हणजे जी उंची होते ती एक परस. कोकणातला दर्यावर्दी पाण्याची खोली वावात मोजी. दोन्ही हात आडवे पसरले की एक वाव. दोरीला शिशाचा जड ओळंबा बांधून तो पाण्यात सोडावयाचा आणि दोरी वर ओढताना वाव मोजावयाचे, एवढीच ही विद्या. परंतु जुन्या खलाशांनी त्यात एक हुशारी केली होती. ओळंब्याच्या बुडाशी खळगा ठेवून त्यात ते चरबी भरीत. तळाला टेकलेला ओळंबा वर आला की चरबीला काय चिकटले आहे ते पाहावयाचे : चिखल, वाळू की शिंपल्यांचा चुरा. काहीच चिकटले नाही तर खाली खडक आहे असे समजावयाचे. समुद्रतळावर कोठे काय आहे याची पहिली नोंद अशी चरबीच्या गोळ्यावर झाली.

या ज्ञानाची किंमत खानदेशाला फार पूर्वी कळावयास हवी होती, कारण सुरत हे आमचेच बंदर होते. बऱ्हाणपूर, थाळनेर, नंदुरबार या वाटेने आमचा माल सुरतेला जाई. पण तापीचे मुख गाळाने उथळ झालेले. मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत, ती सुवाळीला नांगर टाकीत. तेथे वाळूच्या बांधाआड खोल पाण्याचा एक अरुंद पट्टा होता. १६१२ साली याच पाण्यात टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाची पोर्तुगीजांशी गाठ पडली. पोर्तुगीजांची जहाजे मोठी आणि संख्येने अधिक. पण त्यांतील काही उथळ वाळूत रुतली आणि हलक्या इंग्रजी जहाजांचे फावले. त्यानंतर इंग्रजांच्या वखारीचा पाया सुरतेत पक्का झाला. एका साम्राज्याच्या आरंभी वाळूचा एक बांध असा कारणी लागला. पुढे सुरतेचा ऱ्हास झाला आणि मुंबई वर आली, त्याला राजकीय कारणे पुष्कळ आहेत. तरीही तापीच्या मुखाशी साचणारा गाळ हे त्यांतील एक कारण होतेच. ज्या नदीच्या काठाने आमचा माल बंदराला गेला, त्याच नदीने आमची माती नेऊन ते बंदर बुजविले.

मुंबईत स्थिर झाल्यावर कंपनी सरकारने समुद्राची मोजणी पद्धतशीर हाती घेतली. १७८७ पासून जॉन मॅक्‌क्लूअर या अधिकाऱ्याने मुंबईसमोरचा उथळ समुद्र आणि पुढे पश्चिम किनारा मोजला. तेव्हा कोकणच्या किनाऱ्याचा मोठा भाग पेशव्यांचा आणि आंग्ऱ्यांचा होता. जमीन मराठ्यांची, पण तिच्यासमोरच्या पाण्याचा नकाशा इंग्रजांच्या हाती, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. या नकाशांवर खोलीच्या आकड्याशेजारी एखादे बारीक अक्षर असे; चिखलासाठी एक, वाळूसाठी दुसरे, प्रवाळासाठी तिसरे. नांगर कोठे धरील आणि जहाज कोठे फुटेल, एवढेच त्यातून कळावयाचे होते. त्या चिखलात कोण नांदते हे विचारण्याचे कारण मोजणीदाराला नव्हते.

याच नकाशांवर विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर एक बुडालेले पठार दाखविलेले आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसएक मीटर, म्हणजे दहा-अकरा वाव आहे. इंग्रजांनी त्याला ‘अँग्रिया बँक’ म्हटले. अँग्रिया म्हणजे आंग्रे. ज्या कान्होजी आंग्ऱ्यांना त्यांनी जन्मभर चाचे म्हणून हिणविले, त्या सरखेलांचे नाव त्यांच्याच नकाशामुळे समुद्रतळावर कायम झाले. कान्होजी १७२९ साली वारले. नाव अजून पाण्याखाली आहे. या पठाराकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

नकाशा एका हेतूने काढावा आणि त्याचा उपयोग दुसऱ्याच कामी व्हावा, असेही घडते. मुंबईच्या आरमारातील रॉबर्ट मोरेस्बी याने १८३४ ते १८३६ या काळात मालदीव बेटांची मोजणी केली ती जहाजांच्या सुरक्षिततेसाठी. पण १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवाळभित्तींवरील ग्रंथासाठी चार्ल्स डार्विनने तिचाच आधार घेतला. पुढे १८७२ ते १८७६ या वर्षांत ‘चॅलेंजर’ जहाजाने जगाचे समुद्र धुंडाळले, पण अरबी समुद्रात ते आले नाही. आमच्या समुद्राची जीवसृष्टी प्रथम हुडकली ती सरकारी मोजणीच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरील डॉक्टरांनी. हे जहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरले. त्यावरचा डॉक्टर खलाशांना औषध देई आणि उरल्या वेळात तळातून वर आलेले प्राणी मद्यार्कात घालून ठेवी. आल्फ्रेड आल्कॉक हा या डॉक्टरांपैकी एक. त्याने आपल्या अनुभवांवर १९०२ साली पुस्तकही लिहिले. याच परंपरेतील सेमूर स्यूएल यांनी १९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजातून अरबी समुद्राचा शोध घेतला. काही ठिकाणी ठरावीक खोलीच्या पट्ट्यात पाण्यातील प्राणवायू इतका कमी आहे की तळावर जीव जवळजवळ नाहीतच, ही महत्त्वाची गोष्ट तेव्हा ध्यानात आली. खोली आणि माती एवढ्यावरून तळाची वस्ती कळत नाही. पाणीही तपासावे लागते, हा त्या सफरीचा धडा.

स्वातंत्र्यानंतर हे काम भारतीयांनी हाती घेतले. मोजणीचे कार्यालय १९५४ साली देहरादूनला आले. १९५९ ते १९६५ या काळात अनेक राष्ट्रांनी मिळून हिंदी महासागराचे संशोधन केले. त्यात आपल्या नौदलाचे ‘कृष्णा’ जहाज होते. त्यातून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली आणि पुढे गोव्यात दोना पावला येथे स्थिरावली. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबईसमोर दूर समुद्रात, सुमारे पन्नास वाव खोलीवर, एक विस्तीर्ण सपाटी अभ्यासली. तिच्यावर किनाऱ्याशीच तयार होणारा खडक मिळाला! अर्थ उघड आहे. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. खंबायतचे आखात कोरडे होते आणि तापीला समुद्र गाठण्यासाठी बरेच पुढे जावे लागे. बर्फ वितळले, पाणी चढले आणि जुने किनारे बुडाले.

धुळेकरांना हे सांगावयास नको की इतिहास दप्तरांत असतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले, १९२६ च्या अखेरीस याच शहरात देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने येथे संशोधन मंडळ उभे राहिले. समुद्रतळ हेही एक दप्तरच आहे. किनाऱ्याजवळच्या चिखलात नद्यांचा जमाखर्च थरावर थर लिहिलेला आहे. चिखलाच्या पलीकडे चुनखडी वाळू आणि बुडालेले किनारे आहेत. आणखी पलीकडे, जेथे पाणी नितळ आणि तळ कठीण, तेथे प्रवाळांची वस्ती आहे. आमच्या नद्यांचा गाळ जेथवर पोचला त्याच्या बाहेर प्रवाळाला जागा मिळाली. १९७० नंतरच्या दशकात ‘गवेषणी’ या संशोधन जहाजाला कर्नाटकाच्या मालपे बंदरासमोर दूर समुद्रात जिवंत प्रवाळांचे एक पठार सापडले. त्याला जहाजाचेच नाव मिळाले. १९७९ साली मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही जिवंत प्रवाळ असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

परंतु याच दशकात, १९७४ साली, मुंबईसमोर समुद्रात तेल लागले. तळाखालच्या खडकांचे नकाशे त्यासाठी अगोदर तयार झाले होते. तळावर कोण राहते याचा नकाशा मात्र तेव्हा कोणी मागितला नव्हता. येथे इतिहासाचे एक सूत्र हाती लागते : ज्या युगाला ज्या गोष्टीची चिंता, तीच त्याच्या नकाशात उतरते. व्यापाऱ्याला जहाज फुटण्याची भीती होती, त्याने खोली मोजली. राज्याला तेल हवे होते, त्याने खडक तपासले. आता जीवांची चिंता लागली आहे, म्हणून जीवांच्या घरांचा नकाशा हवा आहे.

ही चिंता कशाने उत्पन्न झाली, तेही पाहिले पाहिजे. गेल्या शतकाच्या साठीनंतर आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक ट्रॉलर वाढले. त्यांचे जाळे तळावरून ओढीत नेतात. चिखलावरून ते गेले तर चिखल ढवळला जातो. प्रवाळावरून गेले तर शेकडो वर्षांची बांधणी एका फेरीत मोडते. दप्तरातील पाने फाडून चूल पेटविण्यासारखाच हा प्रकार. स्कॉटलंडच्या वायव्येस सुमारे एक हजार मीटर खोलीवर १९९८ साली थंड पाण्यातील प्रवाळांचे उंचवटे सापडले. त्यांना डार्विनचे नाव दिले गेले. पुढच्या पाहणीत तेथे जाळ्यांचे ओरखडे दिसले. २००३ साली तातडीने आणि २००४ साली कायमची तेथे तळाची मासेमारी बंद झाली. अगोदर नकाशा, मग पुरावा, मग कायदा, आणि हे सारे सहा वर्षांत. नकाशाच नसता तर कायदा कोठे लावावा हेही कळले नसते.

आज हा नकाशा काढण्याची रीत अशी आहे. विहिरीत हाळी घातली म्हणजे ती परत येते. जहाज तसाच ध्वनी तळाकडे सोडते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. त्याचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने परत आला तर खोली १५० मीटर. जुन्या यंत्रातून एकच ध्वनीरेषा निघे. आता पंख्यासारख्या शेकडो रेषा एकदम निघतात आणि तळाचा रुंद पट्टा मोजला जातो. शिवाय मऊ चिखल ध्वनी गिळतो आणि खडक तो जोराने परत पाठवितो. त्यावरून तळ कसा आहे याचा अंदाज बांधता येतो. पण अंदाज तो अंदाजच. चिमट्यासारखी बादली सोडून तळाची माती वर आणावी लागते, कॅमेरा उतरवावा लागतो, उथळ जागी पाणबुड्याला जावे लागते. म्हणजे शिशाच्या ओळंब्याची चरबी अजून सुटलेली नाही, तिचे रूप तेवढे पालटले. जगाच्या समुद्रतळाचा सारा नकाशा २०३० पर्यंत पुरा करावा असा संकल्प २०१७ साली झाला. आतापर्यंत पाव हिश्श्याहून थोडा अधिक तळ अशा मोजणीखाली आला आहे. आणि ही झाली नुसत्या उंच-सखलाची मोजणी. जीवांच्या घरांची मोजणी त्याहून पुष्कळ मागे आहे.

नुसता नकाशा पुरत नाही, याचा दाखला आमच्याच राज्यात आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यांपैकी ३.१८ चौरस किलोमीटर गाभा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड या गाभ्यात येतात. हेतू स्तुत्य होता. पण त्या पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमारांना ही रेषा परकी वाटली. आपली मासेमारी बंद पडणार या भीतीने त्यांनी विरोध केला आणि अभयारण्य कित्येक वर्षे बव्हंशी कागदावरच राहिले. आमच्या मते यात दोष मच्छीमारांच्या अज्ञानाला देणे अन्यायाचे होईल. किनाऱ्यावरचे देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेत धरून तो पाण्यातील खडक अचूक गाठतो; कोठे जाळे फाटते, कोठे कोणता मासा कोणत्या महिन्यात असतो, हे त्याला वडिलांकडून मिळालेले असते. तळाचा सर्वांत जुना नकाशा त्याच्या डोक्यात आहे. सरकारी नकाशात त्याची चिंता उतरली नाही, म्हणून त्या नकाशाला त्याने आपले म्हटले नाही.

उलट पक्षी, जेथे कायद्याने त्याची भाषा वापरली तेथे नियम निदान कळतो तरी. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली ट्रॉलरांना किनाऱ्यालगत मज्जाव करण्यात आला, तो पाण्याच्या खोलीवरून : कोठे पाच वावांच्या आत, कोठे दहा. पाळणूक कितपत होते हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. पण वाव हे माप साध्या होडीवाल्यालाही समजते.

आता आंग्ऱ्यांच्या पठाराकडे वळू. तेथे प्रवाळ आहेत हे ठाऊक आहे आणि आपल्या शास्त्रज्ञांच्या मोहिमा तेथे गेल्या आहेत. प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षणही २००१ पासून आहे. परंतु राज्याचा हात किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर पोचतो. हे पठार शंभरावर आहे. तेथे अधिकार केंद्राचा, १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखालचा. मालवणला रेषा होती पण लोकांचा विश्वास नव्हता. येथे रेषा ओढण्याचा अधिकारच दिल्लीत आहे, आणि कोकणच्या बंदरांतून निघणारा ट्रॉलर मात्र तेथे पोचू शकतो. २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियल येथे जगातील राष्ट्रांनी २०३० पर्यंत तीस टक्के जमीन आणि तीस टक्के समुद्र राखावयाचे ठरविले. हा आकडा गाठण्यासाठी जेथे कोणाची तक्रार येणार नाही असे रिकामे पाणी राखून ठेवण्याचा मोह कोणत्याही सरकारला होईल. तो मोह टाळावयाचा तर कोणत्या तीस टक्क्यांत काय आहे, हे दाखविणारा नकाशा लोकांसमोर असला पाहिजे.

शेवटी खानदेशाचे या नकाशात काय काम, ते सांगून हे विवेचन संपवू. आमच्या आठवडे बाजारात सुके बोंबील आणि सुकट मिळते. बोंबील आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र सारखा नाही; उत्तर कोकणापासून गुजरातेपर्यंतच्या गढूळ, चिखलतळाच्या उथळ समुद्रात तो विपुल आहे, आणि कोळी तेथे तळात खुंट रोवून डोल जाळी लावून तो पकडतात. नद्यांच्या मुखाजवळचा हा चिखल मोठ्या अंशी नर्मदा-तापीचा. आमच्या शेतातून गेलेली माती आणि आमच्या ताटात आलेला बोंबील यांचा संबंध असा समुद्रतळावर जुळतो. १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले. हतनूरला आणि इतरत्रही बंधारे झाले. त्यामुळे गाळाचा बराच भाग वाटेतच अडू लागला. नदीबरोबर शेतातील औषधे आणि शहरांची घाण मात्र पुढे जाते. मातीचा हिशेब बदलला म्हणजे त्या चिखलावरच्या वस्तीचाही बदलणार. किती आणि कसा, हे तपासावयाचे तर त्या चिखलाचा नकाशा हवा आणि नदीचीही मोजणी हवी. समुद्रतळाचा नकाशा किनाऱ्याशी सुरू होतो असे मानणे, हीच त्यातील अपुरेपणाची जागा आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, हा नकाशा शास्त्रज्ञाने ध्वनीने काढावा, कोळ्याने आपल्या आठवणीने तो तपासून द्यावा, सरकारने तो सर्वांना पाहता येईल असा छापावा, आणि आमच्यासारख्या नदीकाठच्या लोकांनी त्यात आपली बाजू ओळखावी. बांधावर माती अडविणारा शिरपूर-चोपड्याचा शेतकरी आणि नाल्यात काय सोडावे हे ठरविणारी आमची नगरपालिका हेही त्या नकाशाचे कारागीर आहेत. इंग्रजांनी आमच्या समुद्राचे नकाशे काढले तेव्हा आम्हांला कोणी विचारले नव्हते. आता विचारणारे आपलेच सरकार आहे आणि उत्तर देण्याचा अधिकार आपला आहे. तो वापरावयाचा तर आपल्या मातीचे पुढे काय होते, एवढे तरी आपणांस ठाऊक असावयास हवे.